हल्दी फैक्टरीची बुरशी

देवासच्या औद्योगिक वसाहतीत मालव व्हिटामिन्स नावाचा एक कारखाना होता. त्याला सगळं गाव हल्दी फैक्टरी म्हणायचं. हळदीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. आत पोलादी टाक्यांमध्ये एक बुरशी वाढायची, ती सोयाबीनचं तेल खाऊन ब-दोन जीवनसत्त्व तयार करायची, आणि ते जीवनसत्त्व असतं पिवळंजर्द. पाळी सुटली की कारखान्याची माणसं नखांवरून आणि कॉलरवरून ओळखू यायची. ऋजुताच्या लहानपणी तिच्या वडिलांचे सगळे रुमाल पिवळे होते, आणि ते पांढरे करायचा नाद तिच्या आईने, माईने, केव्हाच सोडला होता.

वडिलांना ती दादा म्हणे. नीलकंठराव मूळचे धारचे. त्यांचे आजोबा बापूसाहेब धार संस्थानात अंमलदार होते. संस्थान गेलं, पण घरातली मराठी त्या काळातच मुक्कामाला राहिली. पूजेला बसले की दादा बापूसाहेबांची मराठी बोलत, आणि उठून बाजारात गेले की निम्मी हिंदी, निम्मी माळवी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून त्यांनी देवासला नोकरी धरली आणि कारखान्याची बुरशी त्यांनीच शोधून दिली. मनावर गावाकडच्या एका शेतात, लाल ढेकण्या किडींनी डागाळलेल्या कापसाच्या बोंडात ती त्यांना सापडली होती. पुढची कितीतरी वर्षं तिला निवडत, पारखत त्यांनी अशी वळणावर आणली, की स्वतःच्या गरजेहून कितीतरी जास्त जीवनसत्त्व ती टाकीत सोडू लागली.

दादा प्रयोगशाळेत बुरशीचं विरजण तयार करायचे आणि विश्वासराव ते टाकीत वाढवायचे. विश्वासराव सांगलीकडून नोकरीसाठी आलेले. सगळं टाक्यांचं दालन त्यांच्या ताब्यात. सुरुवातीला ते दादांची थट्टा करायचे, की नीलकंठ, तुझे शब्द बापूसाहेबांचे आणि क्रियापदं इंदौरची. पण पाच-सात वर्षांत ते स्वतःच येताजाता इंदौरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायला लागले, आणि सांगलीला गेले की तिथले लोक त्यांची थट्टा करू लागले.

दोन्ही घरं कॉलनीत समोरासमोर होती. विश्वासरावांच्या पत्नी पार्वतीकाकू रोज सकाळी ऋजुताच्या वेण्या घालायच्या, कारण माई शाळेत शिकवायला लवकर जाई. काकूंचा हात जड होता. वेण्या इतक्या घट्ट बसत की दुपारपर्यंत भुवया ताणलेल्या राहत. डोलग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या शुद्ध एकादशीला, दोन्ही घरं मिळून जीपने हाटपिपल्याला जायची. तिथे नरसिंहाची पाषाणाची मूर्ती नदीत सोडतात आणि ती पाण्यावर तरंगते. काठावरच्या गर्दीत ऋजुताला काही दिसत नसे, मग विश्वासरावकाका तिला खांद्यावर घेत. परतताना ती बहुतेक काकूंच्या मांडीवर झोपलेली असे, आणि अर्धवट झोपेत तिला पुढच्या सीटवरच्या दोघांचं हसणं ऐकू येत राही.

मग कारखान्याचं शेवटचं वर्ष आलं. टाकीमागून टाकी फिकी निघू लागली. बुरशी वाढायची, तेल संपवायची, पण जीवनसत्त्व हात आखडून द्यायची. त्याच सुमाराला बाहेरून स्वस्त माल येऊ लागला होता आणि मालक मंडळी आधीच हैराण होती. एका बैठकीत मोठ्या साहेबाने विचारलं, दोष कुठे आहे. दादा म्हणाले की टाक्यांच्या दालनात स्वच्छता राहिलेली नाही, दुसरे जंतू शिरतायत. विश्वासराव म्हणाले की दालन ठीक आहे, प्रयोगशाळेतून येणारं विरजणच मेलेलं आहे. दोघांनी ते सगळ्यांच्या देखत म्हटलं आणि दोघांनाही ते परत घेता आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. दादा धारला परतले आणि एका कॉलेजात शिकवू लागले. विश्वासरावांनी देवासमध्येच उज्जैन रोडला घर बांधलं. धार-देवास अंतर असं किती, मधे फक्त इंदौर. पण वीस वर्षांत दादा एकदाही तिकडे गेले नाहीत. पार्वतीकाकू वारल्या तेव्हासुद्धा माई एकटीच गेली. ती निघाली तेव्हा दादा फाटकापर्यंत आले, बस वेळेवर आहे ना असं विचारलं, आणि आत जाऊन दिवसभर बाहेर आले नाहीत.

ऋजुता त्या वेळी पुण्यात होती. तिने वडिलांचाच विषय घेतला होता, पण तिच्या हाताला बुरशी क्वचितच लागायची. तिचं काम कॉम्प्युटरवर. एखाद्या सूक्ष्मजीवाच्या पेशीत जेवढ्या रासायनिक क्रिया चालतात, त्या सगळ्यांचा नकाशा करायचा. कुठला पदार्थ कुठून येतो, कशाचा काय होतो, कुठे बाहेर पडतो. नियम एकच, पेशीत जे शिरलं ते कुठेतरी गेलंच पाहिजे. एवढं पाळून कॉम्प्युटर सांगतो की अमुक खायला दिलं तर पेशी जास्तीत जास्त किती वाढेल, किती माल देईल, आणि वाट कुठे अडते. मग वाट अडते तिथलं जनुक बदलून ती रुंद करायची, की ती पेशी कारखान्याच्या कामाची होते.

तिच्या संस्थेला तेलावर जगणारी बुरशी हवी होती. सूक्ष्मजीव जतन करणाऱ्या सरकारी संग्रहातून मागवण्यासाठी ती नावं पाहत होती, तेव्हा एका नमुन्यापुढे तिला दिसलं: कापसाचं बोंड, मनावर, जिल्हा धार. देणाऱ्याचं नाव नीलकंठ. दादांनी कधीतरी, तरुणपणी, आपली बुरशी तिथे सांभाळायला दिली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ऋजुताने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने तोच नमुना मागवला.

नकाशा तयार व्हायला वर्ष लागलं. त्या हिवाळ्यात ती धारला आली ती लॅपटॉप घेऊनच. दादांना तिने विचारलं, की कारखान्यात या बुरशीला नक्की काय काय खायला घालायचात.

कारखान्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, त्यामुळे माई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग ते बोलू लागले ते थांबेचनात. तेल बदनावरच्या मंडीतल्या सोयाबीनचं, घाण्यावर काढलेलं. पहाटे टाक्यांना वाफ द्यायचे तेव्हा सगळ्या वसाहतीत भिजल्या गोणपाटासारखा वास सुटायचा. टाकीतला ढवळायचा पंखा फिरू लागला की त्याच्या आवाजावरून विश्वास सांगायचा की आज बुरशी दाट आहे का पातळ. हे नाव वीस वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. दुपारी ऋजुता त्यांना घेऊन मुंज तलावावर फिरायला गेली, तिथेही ते बोलत राहिले. बुरशीला नायट्रोजन लागतो, त्यासाठी सरस घालायचे. कानपूरकडून पोती यायची, जनावराच्या हाडा-चामड्याचा सरस. हमाल नाक दाबून उतरवायचे.

"नंतर सरस बंद केला," दादा सहज म्हणाले. "गिऱ्हाइकांना शाकाहारी शिक्का पाहिजे होता. मग सोयाबीनची पेंड घालून राहिलो होतो. नायट्रोजनचा हिशोब बरोब्बर जुळवला होता आम्ही दोघांनी."

"कधी बंद केला, दादा?"

"आखरी वर्षी. बदबू गेली म्हणून सगळे खूश होते."

ऋजुताने ते वर्ष मनात टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिने नकाशातल्या बुरशीला आधी सरस खाऊ घातला आणि मग पेंड. कॉम्प्युटरला हे काम चुटकीचं. सरसावर जीवनसत्त्वाकडे जाणारी वाट भरून वाहत होती. पेंडीवर ती आटली. अडलं कुठे, तेही त्याने दाखवलं. ग्लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, सगळ्यांत लहान. जीवनसत्त्वाचा सांगाडा ज्या पदार्थापासून बनतो, त्यात ते अख्खंच्या अख्खं बसतं. सरसात त्याचा तिसरा हिस्सा ग्लायसिनच असतो आणि पेंडीत ते फार थोडं. बुरशी स्वतः ग्लायसिन बनवते, पण ती वाट अरुंद. स्वतःपुरतं भागतं, वाटायला उरत नाही. नायट्रोजनचा हिशोब बरोबरच होता, पण बुरशीला नुसता नायट्रोजन नको होता. हे त्या काळी कोणाला दिसायचा मार्ग नव्हता.

चहा निवून गेला. म्हणजे दालन स्वच्छ होतं, आणि विरजणही जिवंत होतं.

तिने दादांना सांगितलं नाही. आपल्या धंद्याची मर्यादा तिला ठाऊक होती. नकाशा काय घडू शकतं ते सांगतो, काय घडलं ते सांगत नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने माईला मात्र सगळं सांगितलं. माई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"आधी खात्री करून घे," ती म्हणाली. "अर्धवट काही त्यांच्या कानावर घालू नकोस. वीस वर्षं थांबलंय, आणखी जरा थांबेल."

पुण्याला परतून ऋजुताने खूप दिवसांनी स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेतले काचेचे चंबू भरले. काहींत सरस, काहींत पेंड, काहींत पेंड आणि वर ग्लायसिन. संग्रहातली बुरशी सगळ्यांत सारखी सोडली. आठवडा सरला तेव्हा सरसाचे चंबू पिवळेधमक झाले होते, पेंडीचे दुधात चिमूटभर हळद पडावी तसे फिके. ग्लायसिनचे चंबू पहिल्यांच्या जवळ आले होते, पण बरोबरीला नाही. तिने प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच आलं. शिवाय फिकेपणाही दादा सांगत होते त्या टाक्यांइतका नव्हता. मोठा भाग कळला होता आणि थोडा भाग कळायचा राहिला होता. ती तशीच धारला निघाली, कारण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

दादा अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. तिने शेजारी स्टूल ओढून त्यांना सावकाश सांगितलं, जसं त्यांनी कधीकाळी तिला पेशी म्हणजे काय ते सांगितलं होतं तसं. त्यांनी मधे दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते.  ऋजुताला वाटलं होतं की त्यांना हलकं वाटेल.

"पार्वतीवहिनींना सांगायचं राहिलं," दादा म्हणाले.

माई त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिने फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, की उद्या गाडी काढशील का, देवासला जाऊ.

 इंदौरचा बायपास ओलांडला, देवासची माता टेकडी दिसू लागली, तेव्हा दादांनी शर्टाची कॉलर नीट केली. उज्जैन रोडवरचं घर माईने सांगितलेल्या खुणांवरून सापडलं. दार विश्वासरावांच्या नातीने, किमयाने उघडलं. कॉलेजात जाणारी मुलगी. तिने "कौन चाहिए आपको" असं विचारलं, दादांनी शुद्ध मराठीत नाव सांगितलं, आणि नाव ऐकताच ती आत पळाली.

विश्वासराव काठी टेकत आले. अंगाने निम्मे झाले होते, नजर मात्र तीच. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. दादा तिथेच वाकून चपला काढू लागले.

"चपला आत काढ भिया," विश्वासराव म्हणाले. "बाहेर ठेवल्या तर कुत्री नेऊन राहिलीयेत."

दादा आत आले. किमयाने पाणी आणलं, पोहे आणले, वर शेव जरा जास्तच घातलेली. ऋजुताने लॅपटॉप उघडला आणि सगळं पुन्हा सांगितलं. विश्वासरावांनी खोडी काढल्यासारखं विचारलं, की यंत्राने सांगितलं म्हणून मानायचं का. तिने चंबूंचे फोटो दाखवले. ते फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले. सरसाच्या चंबूवर तर त्यांची नजर खिळूनच राहिली. नातीला जवळ बोलावून म्हणाले, हे बघ, हा रंग मी रोज पाहायचो. किमया म्हणाली, "आजोबा, ये तो सच में हल्दी है."

मग ऋजुताने तेही सांगितलं जे सांगायला तिला जड जात होतं. ग्लायसिनने सगळा हिशोब भरत नाही. थोडा दोष अजून कुठेतरी आहे आणि कुठे ते तिला माहीत नाही, कदाचित कधीच कळणार नाही.  ज्या जखमेवर खपली धरत होती तीच आपण उकरतोय की काय, असं तिला वाटलं.

 विश्वासरावांनी लॅपटॉप हलकेच मिटला.

"उरलेलं आपण दोघं वाटून घेऊ," ते दादांना म्हणाले.

दादांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, वहिनींचा फोटो कुठे आहे. विश्वासरावांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. दादा एकटेच आत गेले आणि मागे दार लोटून घेतलं. कोणी त्यांच्यामागे गेलं नाही.

बाहेर विश्वासराव हळू आवाजात ऋजुताला सांगू लागले, की पार्वती शेवटपर्यंत कोणाला दोष देत नव्हती. ती म्हणायची, कारखाना गेल्याचं दुःख तुम्हा दोघांना सारखंच झालं. राग धरायला समोर माणूस पाहिजे. बाहेरून येणाऱ्या मालाला चेहरा नसतो, म्हणून तुम्ही एकमेकांना धरलंत. "मला तेव्हा पटलं नव्हतं," ते म्हणाले. "आणि पटलं तोवर धारला फोन करायची लाज वाटायला लागली होती." मग त्यांनी विचारलं, की ऋजुता वेण्या का घालत नाही आता. तिने केस कधीच कापले होते. दोघांनाही हसू आलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीही.

संध्याकाळच्या आत तिघं वसाहतीत जाऊन आले. मालव व्हिटामिन्सच्या जागी आता कोणाचं तरी गोदाम उभं होतं, निळ्या पत्र्याचं. चौकीदाराने आत सोडलं नाही. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी उभं राहून दोघे मित्र हवेत बोटं फिरवत एकमेकांना दाखवत होते, की बॉयलर इथे होता, तुझी प्रयोगशाळा तिथे. चिमणी कुठे होती यावर मात्र त्यांचं जमेना. दादा म्हणत उत्तरेला, विश्वासराव म्हणत अजिबात नाही. ऋजुताने गाडीचं दार उघडून धरलं होतं, पण कोणाला निघायची घाई नव्हती.

त्यानंतर विश्वासरावांचा फोन धारला रोज येऊ लागला. ऋजुता आपल्या कामाला लागली. नकाशाने दाखवलेली अरुंद वाट रुंद करायची होती. ग्लायसिन बनवणारं जे एन्झाइम बुरशीत मुळातच आहे, त्याचं जनुक तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जोरात चालू केलं, म्हणजे पेंडीवरही बुरशी स्वतःला पुरून उरेल एवढं ग्लायसिन करील. पहिले प्रयत्न फसले, बुरशी वाढेचना. नकाशा पुन्हा मांडला, एन्झाइमचा जोर थोडा उतरवला, आणि हळूहळू जमू लागलं. पुढच्या वर्षी पेंड आणि तेल यांवर, सरसाशिवाय, एका छोट्या टाकीत ती वाढू लागली, आणि कारखान्याच्या चांगल्या दिवसांत जेवढं द्यायची त्याहून जास्त देऊ लागली.

तेव्हा तिने दोघांना पुण्याला बोलावलं. माईही आली. टाकी काचेची, कमरेएवढी. दादा काचेला नाक लावून उभे राहिले. मनावरच्या बोंडातून आपण उचललेली ती हीच, असं ते दोन-तीनदा म्हणाले, जसं एखाद्या मुलीला सासरी जाऊन भेटावं. विश्वासरावांनी काठी माईकडे दिली आणि तळवा काचेवर ठेवून ऊब पाहिली. मग कान लावला. पंख्याचा आवाज ऐकून म्हणाले, दाट आहे. पडद्यावरचा आकडाही तेच सांगत होता, पण तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग ते सगळीकडे पाहू लागले, जसं कोणी हरवलेलं माणूस शोधावं. इथे पाळी कोणाची असते, त्यांनी विचारलं. ऋजुता म्हणाली, पाळी अशी नसते काका, सगळं कॉम्प्युटर बघतो, काही बिघडलं तर आमच्या फोनवर निरोप येतो.

"मग गप्पा कोणाशी मारायच्या?" विश्वासराव म्हणाले.

 शेजारच्या खोलीतून ऋजुताने दोन खुर्च्या आणल्या आणि टाकीजवळ ठेवल्या. दोघे बसले. माईला ती चहाला घेऊन गेली. तासाभराने त्या परत आल्या, तेव्हा दाराबाहेरूनच दादांचा आवाज ऐकू येत होता. धारच्या जुन्या मराठीत सुरू झालेली गोष्ट हिंदीवरून माळवीत उतरली होती, आणि विश्वासराव मधूनमधून म्हणत होते, "हो भिया, मग?"